गाड्या घडवणाऱ्यांना गाडी कधी?



चेन्नईहून बंगळूरच्या महामार्गाने निघाले की तीसेक किलोमीटरवर इरुंगाट्टुकोट्टै लागते. हे नाव नीट उच्चारायला आम्हाला दोन दिवस लागले. तिथली गोष्ट समजायला मात्र एक संध्याकाळ पुरली.

१९९८ साली इथल्या ह्युंदाई कारखान्यातून सँट्रो मोटार बाजारात आली. आज इरुंगाट्टुकोट्टैपासून श्रीपेरुम्बुदूर, सुंगुवारचत्रम आणि ओरगडमपर्यंत मोटारी, त्यांचे सुटे भाग, मोबाइल फोन, फ्रिज बनवणाऱ्या कारखान्यांची रांग लागलेली आहे. सारे जग या पट्ट्याची वाहवा करते. पण या सबंध पट्ट्यात रेल्वेचे एकही स्टेशन नाही!

आम्ही रेल्वेवाले. कुठेही गेलो की आधी स्टेशन शोधतो. इथे शोधून सापडले नाही. सापडल्या त्या बसच्या रांगा. एका कारखान्याच्या फाटकाबाहेर आम्ही पाळी सुटण्याची वाट पाहत उभे होतो. चार शब्द बोलावेत, पत्रके द्यावीत, एवढाच हेतू. भोंगा झाला, माणसे बाहेर आली, कंपनीच्या बस आधीच सुरू होऊन उभ्या होत्या. दहा मिनिटांत फाटक ओस! जो मागे राहील त्याने भर काळोखात शेअर रिक्षा शोधायची आणि पदरचे पैसे मोजून घर गाठायचे. मग कोण थांबणार? बस सुटली की सभा संपली.

बंधूंनो, रेल्वेचा प्रश्न हा केवळ प्रवासाच्या सोयीचा प्रश्न नाही, हे आम्हाला त्या फाटकावर उमगले. ज्याच्या हाती कामगाराची घरी जाण्याची वाट, त्याच्या हाती कामगाराचा वेळ. डिसेंबर २०२१ मध्ये याच भागातील मोबाइल कारखान्याच्या स्त्री कामगारांनी वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाल्यावर महामार्ग रोखून धरला होता. २०२४ साली सुंगुवारचत्रमच्या सॅमसंग कारखान्यातील कामगार महिन्याहून अधिक काळ संपावर होते. त्यांच्या मागण्यांत युनियनची मान्यता अग्रभागी होती. राहण्याची जागा दुसऱ्याने ठरवायची, येण्याजाण्याची वेळ दुसऱ्याने ठरवायची, आणि वर कामगाराला सांगायचे की तू स्वतंत्र आहेस! स्वतःच्या पासवर, स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या गावाहून येणारा कामगार मालकाला परवडत नाही. म्हणूनच सार्वजनिक गाडी ही कामगाराची गरज आहे.

आता दुसरी बाजू पाहा. माणसांना गाडी नाही, पण मोटारींना आहे! या भागात तयार झालेल्या मोटारी वालाजाबाद स्टेशनावर नेऊन रेल्वेत चढवतात आणि देशभर पाठवतात. मोटारी वाहण्यासाठी रेल्वेकडे ‘एनएमजी’ म्हणून ओळखले जाणारे डबे आहेत. हे डबे मुळात कुणाचे? प्रवाशांचे! वीस-बावीस वर्षे माणसे वाहून झाल्यावर डब्यातली बाके काढायची, खिडक्या पत्र्याने बंद करायच्या, टोकाला दारे बसवायची आणि आत मोटारी उभ्या करायच्या. कारखान्यातले आमचे बांधव हे काम उत्तम करतात, त्याबद्दल तक्रार नाही. मालवाहतूक वाढावी, रस्त्यावरचे ट्रक कमी व्हावेत, हे आम्हालाही हवे आहे. पण बाके काढून मोटारीला जागा करणाऱ्या रेल्वेला ती मोटार घडवणाऱ्याला एक बाक देता येऊ नये काय?

वालाजाबाद ज्या मार्गावर आहे तो अरक्कोणम-कांचीपुरम-चेंगलपट्टू मार्ग आजही एकेरी आहे. विजेच्या तारा आहेत, गावे मोठी आहेत, माणसे आहेत, गाड्या तुरळक. एकेरी मार्ग म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. समोरून मेल आली की पॅसेंजर लूपमध्ये उभी. मागून एक्स्प्रेस आली की पुन्हा उभी. मालगाडी वेळेत काढायची असली की आणखी उभी. कंट्रोलवर बसलेल्या आमच्या बांधवाचा यात दोष नाही. ज्या क्रमाने सोडायला सांगितले त्याच क्रमाने तो सोडतो. त्या क्रमात गावा-गावांमधली गाडी सर्वांत शेवटी आहे, हा खरा दोष. मग गाडी उशिरा येते म्हणून प्रवासी येत नाही, आणि प्रवासी येत नाही म्हणून गाडी वाढवत नाहीत. या रहाटगाडग्याला साहेब लोक ‘मागणीचा अभाव’ म्हणतात.

आणि नवा मार्ग? तो कागदावर आहे. आवडी-श्रीपेरुम्बुदूर-गुडुवांचेरी हा इरुंगाट्टुकोट्टैला जोडणारा सुमारे ६० किलोमीटरचा मार्ग २०१३-१४ च्या रेल्वे अंदाजपत्रकात जाहीर झाला. आवडी एका मुख्य मार्गावर, गुडुवांचेरी दुसऱ्या. मधला सारा औद्योगिक पट्टा दोन्हींना जोडला गेला असता. बारा वर्षे उलटली. या काळात कारखाने उभे राहिले, काही बंदही पडले, जमिनीचे भाव आकाशाला भिडले. रुळाचा एक तुकडा पडला नाही. आता पूनमल्लीपासून मेट्रो पुढे नेण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. मेट्रो यावी, स्वागत आहे. पण मेट्रो चेन्नईच्या माणसाला श्रीपेरुम्बुदूरला आणील. अरक्कोणम, तिरुवळ्ळूर, चेंगलपट्टूच्या माणसाचे काय?

महाराष्ट्रातल्या वाचकांनी तमिळनाडूची गोष्ट म्हणून पान उलटू नये. आपल्या दारातही हेच इरुंगाट्टुकोट्टै आहे. त्याचे नाव चाकण! तिथेही मोटारींचे कारखाने, तिथेही पहाटेच्या बस, तिथेही प्रवासी गाडी नाही. सुमारे २३५ किलोमीटरच्या पुणे-नाशिक मार्गाचा नकाशा चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा काढला गेला. खोडदच्या महादुर्बिणीला बाधा येईल म्हणून तो बदलून शिर्डीच्या बाजूने वळवण्याचे ठरले. दुर्बीण जपलीच पाहिजे, ती देशाचा ठेवा आहे. पण नकाशे बदलण्यात वर्षे गेली आणि पुण्याहून नाशिकला रेल्वेने जायचे तर आजही कल्याण नाही तर मनमाडचा वळसा घ्यावा लागतो. शेजारच्या तळेगावला स्टेशन आहे. इरुंगाट्टुकोट्टैच्या त्याच ह्युंदाईने तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेतला, तो व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये पुरा झाला. पण पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून ज्या दोन रुळांवर धावते, त्याच दोन रुळांवर मुंबईच्या मेल आणि मालगाड्याही धावतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचा ठराव झाला. रूळ कधी, ते विचारत राहिले पाहिजे.

कारण मंजुरी म्हणजे गाडी नव्हे! अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. बीडच्या लोकांनी त्यासाठी आंदोलने केली, दोन पिढ्या वाट पाहिली. अहिल्यानगर ते बीड गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. जो मुलगा मंजुरीच्या वर्षी पहिलीत होता, तो आता आपल्या मुलाला ही गाडी दाखवतो. ‘झाली ना अखेर?’ असे म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: मधल्या तीस वर्षांची मजुरी, शिक्षण, ऊसतोडीला गेलेली माणसे, यांचा हिशेब कोण देणार?

हिशेबाचेच बोलू. रेल्वे आपल्या तिकिटावर छापत आली की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त ५७ टक्के रक्कम प्रवाशाकडून वसूल होते. गरिबाच्या हातात तिकीट देताना त्याला त्याचे उपकार मोजून दाखवायचे! आम्ही विचारतो, महामार्गावरून जाणाऱ्या मोटारीच्या काचेवर असे काही छापतात काय? कारखान्याला स्वस्त जमीन, वीज, करमाफी देतात. त्याच्या फाटकावर आकडा लावतात काय? कोविडच्या काळात साध्या पॅसेंजर गाड्यांना ‘एक्स्प्रेस’ आणि ‘स्पेशल’ अशी नावे देऊन किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये केले. गाडी तीच, डबे तेच, थांबे तेच. जुने भाडे परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. या काळात किती मजुरांनी रेल्वेचा नाद सोडला? गेलेला प्रवासी घोषणेने परत येत नाही.

वेगाचे वेड आम्हाला मान्य नाही असे नाही. पण मध्यम गावांना वेगाआधी नेम हवा. स्वित्झर्लंडसारख्या छोट्या डोंगराळ देशाने १९८२ साली देशभर तासातासाला गाडी असे वेळापत्रक लावले. दर तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी. माणसाने वेळापत्रक पाठ करायचे नाही, नुसते स्टेशनावर यायचे. आम्ही तेवढेही मागत नाही. पाळी सुरू होण्याआधी आणि पाळी सुटल्यावर मेमू द्या. मेमूला दोन्ही टोकांना केबिन असते, इंजिन काढून फिरवावे लागत नाही, ती लगेच परत निघते. आठ डब्यांच्या एका मेमूत चाळीस माणसांच्या किमान पंधरा बस रिकाम्या होतात. एवढा साधा हिशेब ज्यांना कळत नाही त्यांनी तो आमच्या पॉइंट्समनला विचारावा.

आणि हो, गाडी माणसांवाचून चालत नाही. जून २०२३ मध्ये माहिती अधिकारात रेल्वेत २ लाख ७४ हजारांहून अधिक जागा रिकाम्या असल्याचे उघड झाले, त्यातल्या १ लाख ७० हजारांवर सुरक्षेशी निगडित. लोको पायलट नाही, ट्रॅकमन नाही, तर नवी गाडी कोण चालवणार?

इथे आम्ही आमचाही कान धरतो. बोनस, भत्ते, जुनी पेन्शन यांसाठी आम्ही लढलो आणि लढू. पण फलाटावर उभा असलेला दुसऱ्या कारखान्याचा कामगार आमच्या मागणीपत्रात क्वचितच आला. म्हणूनच गाडी उशिरा आली की तो आमच्याच माणसावर धावून येतो आणि खरे गुन्हेगार वातानुकूलित खोलीत बसून राहतात. ही भिंत आपणच पाडली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. आवडी-श्रीपेरुम्बुदूर-गुडुवांचेरी मार्गाला खरी तरतूद करा, भूसंपादनाची मुदत जाहीर करा.

२. अरक्कोणम-कांचीपुरम-चेंगलपट्टू मार्ग दुहेरी करा. तोवर पाळ्यांच्या वेळी मेमू सोडा आणि त्या वेळात तिला मालगाडीच्या आधी वाट द्या.

३. पुणे-नाशिक मार्गाचा जो नकाशा होईल त्यात चाकणला प्रवासी स्टेशन आणि स्थानिक गाड्या हव्यातच. आज तळेगाव स्टेशनहून चाकणसाठी पाळीच्या वेळी सार्वजनिक बस द्या.

४. जिथे कारखान्यासाठी मालाचा रूळ टाकाल, तिथे माणसांसाठी फलाट बांधा.

५. साध्या गाड्यांचे साधे भाडे कायम ठेवा आणि रिकाम्या जागा कायम कामगारांनी भरा.

या मागण्या घेऊन रेल्वे युनियन आणि कारखान्यांच्या युनियन यांनी प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात संयुक्त समिती करावी, असे आमचे आवाहन आहे. सह्या फाटकावरही घ्या आणि फलाटावरही घ्या. इरुंगाट्टुकोट्टैच्या फाटकावर आम्हाला दहा मिनिटे मिळाली. गाडी तासातासाला असती तर सगळा तास मिळाला असता. तो तास मिळवण्यासाठीच ही लढाई आहे!

कामगार एकजुटीचा विजय असो!