पैसा घामाचा, खोळंबा कागदाचा

भविष्यनिर्वाह निधी हा सरकारने नोकरदारावर केलेला उपकार नव्हे; ते त्याचेच राखून ठेवलेले वेतन होय. १९५२ च्या कायद्याने पगारदार माणसाला सक्तीने काटकसर शिकविली आणि असंख्य मध्यमवर्गीय घरांचे म्हातारपण सुसह्य केले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्याच माणसाने कायमचा देश सोडला, की स्वतःच्या पुंजीपर्यंत पोहोचण्याची त्याची वाट एकाएकी काटेरी का व्हावी?

पुण्या-मुंबईची कितीतरी तरुण कुटुंबे आज कॅनडात, ऑस्ट्रेलियात, जर्मनीत स्थायिक होत आहेत. कायदा त्यांच्या आड आला, असे म्हणता येणार नाही. १९५२ च्या योजनेतील ६९ व्या परिच्छेदाने परदेशी कायमच्या वास्तव्यासाठी निघालेल्या सभासदाला सगळी शिल्लक काढून घेण्याची मुभा दिली. सलग पाच वर्षे सेवा झाली असेल, तर त्या रकमेवर प्राप्तिकरही नाही. मग घोडे अडते कोठे? ते अडते कार्यपद्धतीत! ऑनलाइन दाव्यासाठी लागणारा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि टोरांटोत संसार थाटणाऱ्याचा येथला क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो. लग्नानंतर बदललेले आडनाव आधारवर एक आणि निधीच्या खात्यावर दुसरे, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच नोंदविलेली नाही, अशा एकेका क्षुल्लक कारणाने दावा परत येतो. येथे असता तर माणूस कचेरीत चार खेटे घालता. सातासमुद्रापलीकडून त्याने काय करावे?

आणि या विलंबाची किंमत मोजायची कोणी? पंचावन्नच्या आत नोकरी सोडून देशातच राहिलेल्या सभासदाच्या शिलकीवर व्याज चालू राहते. परंतु २०१६ च्या दुरुस्तीने, कायमचा परदेशी गेलेल्याने तीन वर्षांत दावा केला नाही तर खाते निष्क्रिय ठरवून व्याज थांबविण्याचे ठरविले. २०२४-२५ साठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. म्हणजे दहा लाखांच्या शिलकीवर वर्षाला सुमारे ८२ हजारांचे नुकसान! पैसा निधीतच राहतो, निधीला कमाई करून देतो, आणि धनी मात्र कोरडा. याला न्याय म्हणावयाचे काय?

कोणी म्हणेल, दक्षता नको का? तोतये दावेदार थोडे आहेत का? दक्षता हवीच. परंतु परदेशस्थ निवृत्तांच्या हयातीच्या दाखल्यावर आपल्या वकिलातीतील अधिकाऱ्याची सही चालते, तर निधीच्या सभासदाची ओळख त्याच अधिकाऱ्याने पटवून का देऊ नये? माणूस देशाबाहेर गेल्याची नोंद विमानतळावर सरकारच करते. मग तिचा पुरावा त्याच्याकडेच पुनःपुन्हा का मागावा? ओळख पटविण्याची सोय वकिलातींतून व्हावी, आणि लेखी सूचना पोहोचल्यावाचून कोणाचेही व्याज थांबू नये, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

निघणाऱ्यांनीही गाफील राहू नये. व्हिसा हाती पडताच घरभाड्याचा हिशेब मिटविणारे लोक निधीचा हिशेब मात्र 'पुढे पाहू' म्हणून ठेवून देतात. नाव, जन्मतारीख, नोकरी सोडल्याची तारीख जाण्यापूर्वीच तपासावी. जुनी खाती एकत्र करावीत. बँकेतील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे. अशा खात्यातून कर भरून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. दहा वर्षे सेवा झालेल्याने निवृत्तिवेतनाचे योजना-प्रमाणपत्रही जपून ठेवावे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचे मोल कळेल.

देश सोडणारा देशाशी नाते तोडतोच असे नाही. परंतु ज्याच्या घामाचा पैसा मायदेशाच्या कचेरीत कुजत पडतो, त्याच्या मनात त्या नात्याविषयी कडवटपणा आला तर दोष कोणाचा? जाणाऱ्याचा हिशेब चोख करून त्याला निरोप देणे, ही राज्यकर्त्यांच्या सभ्यतेची कसोटी आहे.