कुलूप लागलेल्या घराचा दाखला

जर्मनीत नोकरी बदलणारा आपल्यातला प्रत्येक जण शेवटच्या महिन्यात एका कागदाच्या मागे लागतो: आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे मालकाने द्यायचा कामाचा दाखला. तो कायद्याने मिळालेला हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. मसुदा हाती आला की आपण तो पुन्हा पुन्हा वाचतो, ओळखीच्या जर्मन माणसाला दाखवतो, 'समाधान'च्या आधी 'पूर्ण' आहे की नाही यावरून एचआरशी वाद घालतो. कारण त्या गोड वाक्यांत गुण लपवलेले असतात. 'त्यांनी प्रयत्न केले' असे लिहिले की माणूस नापास. तीच आपण मंडळी सुट्टीत वर्ध्याला जातो, महिना-दोन महिने लेकरू एका बाईच्या हवाली करतो आणि निघताना तिला साडी, चॉकलेटे, वरचे पैसे देतो. कागद मात्र देत नाही. माझे म्हणणे एवढेच, की तो द्यायला हवा, आणि तिने मागायच्या आधी द्यायला हवा.

वर्ध्यात आजवर अशा कागदावाचून कुणाचे अडले नाही, हे खरे. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी, पुढे ते रांगायला लागले की दिवसभर सांभाळणारी बाई तिथे तोंडोतोंडी मिळते. रामनगरातल्या एका घरी तिने काम केले की आर्वी नाक्याकडच्या घरांत तिचे नाव आधीच पोचलेले असते. शंका आली तर चपला घालून निघायचे आणि जुन्या घरी विचारून यायचे. ही पद्धत चांगली आहे, पण गावापुरती. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा दोन पैसे जास्त मिळतात म्हणून हीच बाई नागपूरला नाहीतर पुण्याला गेली, की तिची वीस वर्षांची पत बसमधून उतरताना संपते. तिथे कामाला बायका पुरवणारा ब्युरोवाला आधार कार्ड मागतो, पोलीस व्हेरिफिकेशन मागतो. तिच्यावर गुन्हा दाखल नाही, एवढे त्यातून कळते. ताप चढलेल्या पोराला तिने रात्रभर मांडीवर घेतले होते की मोबाइल बघत बसली होती, हे पोलिसांना कुठून ठाऊक असणार?

त्यातही आपल्यासारख्यांकडे काम केलेल्या बाईची अडचण जास्त. पुण्यातली मालकीण वर्ध्याला फोन लावील, पण जर्मनीचा, +49 ने सुरू होणारा नंबर पाहिला की सोडून देईल. आणि वर्ध्याचे घर? आईवडील असतात तोवर ते उघडे असते. त्यांच्यानंतर कुलूप लागते, मग विकले जाते. तिच्या दहा-बारा वर्षांच्या कामाचे साक्षीदार त्या घराबरोबरच जातात. आमच्याकडे काम केलेल्या एका मावशींचा व्हॉइस मेसेज आला होता: 'ताई, इथल्या मॅडम विचारून राहिल्या, पयले कोणाकडं होती म्हणून. दोन ओळी लिहून द्या नं.' एवढे बोलायलासुद्धा त्या बिचकत होत्या, ते आवाजातच कळत होते. काम चालू असताना दाखला मागावा तर 'सोडून चाललीस का?' हा प्रश्न येतो, सुटल्यावर मागावा तर उपकार मागितल्यासारखे होते. म्हणून मागण्याची पाळी तिच्यावर येऊच नये.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: 'अगं, त्या घरच्याच आहेत, त्यांना कसला दाखला?' मला हे उत्तर आवडत नाही. घरचे माणूस पहिल्या तारखेला पगार घेत नाही आणि त्याला उद्यापासून येऊ नको असेही कुणी सांगत नाही. दाखला न देण्याचे दुसरे कारण कुणी बोलून दाखवत नाही, पण इथल्या, जर्मनीतल्या मराठी मंडळांत ते सर्रास दिसते. चांगली बेबीसिटर मिळाली की आपण ती लपवून ठेवतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी विचारले तर गप्प बसतो, न जाणो दुसरे कुणी तासाला दोन युरो जास्त देऊन पळवायचे. शिवाय पैसे रोख, मिनीजॉबची, म्हणजे अल्प पगाराच्या कामाची, सरकारी नोंदणी केलेली नाही, मग लेखी कौतुक करणार तरी कसे! म्हणजे ती जितकी चांगली, तितके आपण तिच्याविषयी गप्प.

कायद्याकडे पाहिले तर गिरणीतल्या आणि घरातल्या कामातला फरक लख्ख दिसतो. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांत कायम कामगाराला नोकरी संपताना सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क लिहिलेला होता. पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांतला कामगार तो मागू शकत होता. त्याच गिरणीच्या साहेबाचे मूल सांभाळणारी बाई मागू शकत नव्हती. पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी संप केला, संघटना उभी केली. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. या मंडळाकडे नाव नोंदवतानाही मालकाचा दाखला मागतात, आणि तिथेच पुष्कळ घरे हात आखडतात. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 चा करार जर्मनीने 2013 मध्ये स्वीकारला, भारताने अजून नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला या विषयावर समिती नेमायला सांगितले. कायदा व्हायचा तेव्हा होईल. दोन ओळी लिहायला तो लागत नाही.

ऑनलाइन रिव्ह्यू लिहिला तर? इथल्या तरुण मंडळींना तेच सोपे वाटते. मला त्यात एक जुनी खोड दिसते. इंग्रजी अमदानीत आया आणि खानसामे जुन्या साहेबांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा जपून ठेवत आणि नव्या बंगल्यावर पुढे करत. चिठ्ठी इंग्रजीत, आत काय लिहिले आहे ते नेणाऱ्याला वाचता येत नसे. 'हिच्यापासून सावध राहा' असे लिहिलेली चिठ्ठीही ती बिचारी आदबीने पुढे करायची. मुलांसोबत बोटीने विलायतेला गेलेल्या आणि तिथे वाऱ्यावर सोडलेल्या आयांसाठी लंडनमध्ये आसराघर काढावे लागले होते. हॅकनीतल्या त्या घरावर 2022 मध्ये निळी पाटी लागली. आजच्या ॲपवरचे तारे त्या चिठ्ठीचीच पुढची पिढी आहेत. ते कंपनीच्या खात्यात राहतात, बाईच्या पिशवीत नाही. मोबाइल नंबर बदलला, ॲप बंद पडले, की गेले.   अर्बन कंपनीने मार्च 2025 मध्ये मुंबईत 'इन्स्टा मेड्स' नावाची सेवा काढली, टीका झाल्यावर नाव 'इन्स्टा हेल्प' केले. नाव बदलले, पण तारे कंपनीच्याच खात्यात राहिले.

तेव्हा रिव्ह्यू जरूर लिहा, पण तिला हवा असेल तर, तिला वाचून दाखवून, आणि मुलांची नावे-फोटो न घालता. आधी कागद. तो मराठीत असावा, म्हणजे तिला किंवा तिच्या मुलीला वाचता येईल. विशेषणे कमी, हकिकत जास्त. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, दिवसाचे किती तास, मूल तेव्हा केवढे होते, काय काय करत असे, काम का थांबले. 'आमचा मुलगा आठ महिन्यांचा असताना सकाळी नऊ ते सहा यांनी एकटीने सांभाळला. खाऊ घालणे, झोपवणे, औषध वेळेवर देणे ही कामे केली. आम्ही परत जर्मनीला निघालो म्हणून काम थांबले.' 'अत्यंत प्रामाणिक व मनमिळाऊ' यापेक्षा नव्या मालकिणीला यातून अधिक कळते.

'उद्या काही झाले तर जबाबदार कोण?' ही भीती निदान खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे हमी न देणे. आपण पाहिले तेवढेच लिहायचे. पुढच्या घरात ती कशी वागेल हे कुणी विचारलेलेच नाही. रोज उशिरा येत असेल तर वेळेविषयी काही लिहू नका, किंवा लिहायचे तर तिला तोंडावर सांगून लिहा. जर्मन पद्धतीने गोड शब्दांत काटा लपवू नका.

खाली सही, तारीख आणि फोन नंबर. नंबर आपला नको, वर्ध्यातल्या भावाचा, मावसबहिणीचा किंवा शेजारच्या काकूंचा द्या. आणि त्यांना आधी सांगून ठेवा, की नागपूर-पुण्याहून अनोळखी नंबर आला तर उचला.