झोहो वापरण्याचा आदेश तर निघाला, पण कर्मचारी ते वापरतील का?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या उच्च शिक्षण विभागाने ऑक्टोबर 2025 मध्ये अधिकाऱ्यांना कागदपत्रं, तक्ते आणि सादरीकरणांसाठी झोहो ऑफिस सूट वापरण्याचे निर्देश दिले. सरकारी कामकाज परदेशी सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू नये, हा यामागचा हेतू. झोहोचं मुख्यालय चेन्नईत आहे.

अडचण कुठे येते?

एकाच फाइलवर अनेकांना एकत्र काम करता येतं, हा अशा सॉफ्टवेअरचा मुख्य फायदा. पण सवयीने फाइल डाउनलोड केली आणि बदल करून व्हॉट्सॲपवर पाठवली, की 'फायनल', 'फायनल 2' अशा प्रती फिरू लागतात. दर वेळी याला आळस म्हणता येत नाही. साहेब प्रिंटआउटच मागत असतील, तर लिपिकाला तेच काम दोनदा करावं लागतं.

याआधी असं कुठे झालंय?

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले होते. बाहेरून आलेल्या फाइल नीट उघडत नाहीत, अशा तक्रारी येत राहिल्या. 2017 मध्ये तिथल्या नगर परिषदेने पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं.

मग काय करावं लागेल?

वरिष्ठांनी शेरे थेट त्याच फाइलवर द्यावेत. प्रशिक्षण कामाच्या वेळेत व्हावं. अडलं तर विचारायला प्रत्येक शाखेत एक जाणकार असावा. जुनी पद्धत कधी बंद होणार, त्याची तारीख आधीच सांगावी.

किती जणांनी लॉगिन केलं, यावरून फारसं कळणार नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सरकारी फाइल कमी झाल्या का, हे पाहावं लागेल.