मदतनीस बाईंचा पगार किमतीतच धरा

घरगुती व्यवसाय वाढला की आधी आईची झोप कमी होते. मानपाड्यात आमच्या आसपास डबे आणि बिर्याणीच्या ऑर्डर घेणाऱ्या भगिनी मदतनीस ठेवायला कचरतात. नफा उरेल का, ही धास्ती. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे भार वाढला की सर्व्हर वाढवतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

१९५९ मध्ये गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. पीठ केंद्रात मळायचे, पापड घरी लाटायचे, आणि लाटणारी प्रत्येक जण सहमालक. म्हणून मुले सांभाळून काम जमले.

आपणही मदतनीस बाईंचा पगार पदार्थाच्या किमतीतच धरावा. कामाचे तास ठरवावेत, आठवड्याची सुट्टी द्यावी. त्याही कुणाची तरी आई आहेत.