झाडपाल्याचे चार महिने

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. इंग्रजी सेक्शनसाठी लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ज्या चुकीबद्दल हे लिहिते आहे, ती माझ्या इंग्रजीमुळेच झाली.

मी फर्स्ट इयरला असताना तिवस्याहून फोन आला. मोठ्या आईच्या छातीत गाठ होती आणि तपासणीत कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी पाच मिनिटांत ऑपरेशन आणि केमो सांगितली आणि पुढचा पेशंट बोलावला. घरी आल्यावर सगळ्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी उरल्या होत्या, केस जाणार आणि पैसे जाणार. मग कोणीतरी मेळघाटाकडच्या एका वैदूचं नाव सांगितलं. पुड्या सुरू झाल्या. गव्हांकुराचा रस, हळद, गोमूत्र, शेवटी अंगणातल्या सदाफुलीची पानंसुद्धा. "झाडपाल्याचा काई तरास नसते," असं घरातलं प्रत्येक जण म्हणत होतं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मोठ्या बाबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "बाई, तुले इंग्रजी समजते. पाह्य बरं, हे खरं हाय का?" लक्ष्मणफळ हे केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी आहे, असा मेसेज होता. मी नेटवर शोधलं. पहिल्या पाच ठिकाणी तेच लिहिलं होतं. ते मी मोठ्याने वाचलं, मराठीत समजावून सांगितलं. सहाव्या ठिकाणी लिहिलं होतं, की हे प्रयोग प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर झाले आहेत, माणसांवर हे सिद्ध झालेलं नाही. ते मी वाचून दाखवलं नाही. किती दिवसांनी सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं! दुसऱ्याच दिवशी कुरिअरने पावडर मागवली गेली.

असे चार महिने गेले. बोराएवढी गाठ लिंबाएवढी झाली, काखेतही एक लागली.

होस्टेलवर हे सांगितलं की मुली म्हणतात, "गावाकडचे लोक अडाणी असतात गं." मला हे पटत नाही. ज्याचे पोस्टर आपण रूममध्ये लावतो त्या स्टीव्ह जॉब्जनेही २००३ मध्ये कॅन्सरचं निदान झाल्यावर सुमारे नऊ महिने ऑपरेशन टाळून आहार आणि वनस्पतींचे उपाय केले होते. तो काही अडाणी नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या वैदूने मोठ्या आईजवळ तासभर बसून तिची विचारपूस केली होती. भ्यालेला माणूस जिथे कोणी ऐकून घेतं तिथेच जाणार.

मग झाडपाला खोटा का? मुळीच नाही. त्याच सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं निघाली. मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून १९५० च्या दशकात कॅनडात तिची तपासणी चालली होती. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि पुढे ती औषधं ल्युकेमियासारख्या रोगांवर वापरात आली. पण व्हिन्क्रिस्टिन एका वेळी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, तेही शिरेतून देतात. अंगणातल्या मूठभर पानांत ते किती, हे कोण मोजणार? आम्ही सिव्हिलवाले २८ दिवसांच्या क्यूब टेस्टशिवाय काँक्रीट पास करत नाही. मग माणसाच्या जिवाला टेस्टिंग नको?

येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांना मृत्यूचा धोका, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा पाचपटीहून जास्त आढळला. हा आकडा मी खूप उशिरा वाचला.

दिवाळीत मी त्या सहाव्या पानाचं सांगून टाकलं. मोठे बाबा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तवाच सांगाचं होतं नं, बाई." ते रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जाणारे. मोझरी आमच्याच तालुक्यात. मी म्हटलं, १९६८ मध्ये तुकडोजी महाराजही कॅन्सरनेच गेले, आणि आज नागपुरात कॅन्सरचं एक हॉस्पिटल त्यांच्याच नावाने चालतं. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये जाणाऱ्या गरिबांसाठी दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. आपल्या संतांच्या नावाने लोकांनी दवाखाने आणि धर्मशाळा उभारल्या, मग आपणच दवाखान्याला का भ्यावं? पैशाचंही समजलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, हे चार महिने आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

नागपूरला केमो सुरू झाली. त्यात पॅक्लिटॅक्सेल होतं. हे औषध मुळात अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. साल १९६२ मध्ये गोळा केली, औषधाला मंजुरी मिळाली १९९२ मध्ये. मधली तीस वर्षं तपासणीत गेली. मी हे मोठ्या आईला सांगितलं. सलाईनकडे पाहत ती म्हणाली, "म्हंजे हे बी झाडाचंच हाय? मंग चार महिने आपून कोन्तं झाड धुंडत होतो?"

तिचे उपचार अजून चालू आहेत. पुढचं आत्ताच कोणी सांगू शकत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले इंजिनिअर. उद्या तुमच्याही घरून फोन येईल, "तुला इंग्रजी समजतं, पाहून सांग." गव्हांकुर प्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, उपचारांसोबत प्या. उपचारांऐवजी नको. वैदूला शिव्या देऊ नका, घरच्यांना हसू नका, दवाखान्यात सोबत जा आणि डॉक्टरांना दहा प्रश्न विचारा. आणि वाचून दाखवाल तेव्हा सहावं पानही वाचा.