पुणे ते सॅन फ्रान्सिस्को, १६ तास म्हणे!

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं : पुणे ते सॅन फ्रान्सिस्को, अंतर साडेतेरा हजार किमी, विमानाचा वेळ १६ तास. खाली अंगठ्यांची रांग. मी विचारलं, हे विमान सुटतं कुठून? सगळे गप्प. सुटतच नाही हो ते!

ही वेबसाइटवाली गणितं म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणायचा आणि विमानाच्या वेगाने भागायचं. तो दोरा हिमालय, सायबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाजवळून जातो. खरं विमान वारा बघतं, कुणाचं आकाश बंद आहे तेही बघतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली. सप्टेंबरपासून एअर इंडियाची दिल्ली–वॉशिंग्टन सेवाच थांबली. विमानं कमी पडतात हे एक कारण कंपनीने दिलं आणि लांबचा वळसा हे दुसरं. अंतर होतं तेवढंच आहे, विमान गेलं.

पण आपलं पुणेकरांचं दुखणं आकाशातलं नाही, जमिनीवरचं आहे. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या जरा पुढे. विमानतळ हवाई दलाचा. त्यात आपण समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच, वर एप्रिल-मेचं ऊन. हवा विरळ, म्हणजे विमानाला धाव आणखी लांब लागते. अमेरिकेपर्यंतचं इंधन भरलेलं मोठं विमान इथून उडणार कसं? आणि आपण काय केलं? मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन. काचा छान आहेत, मान्य. पण काचांवरून विमान उडत नाही!

गेल्या वर्षी आईला धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियाला पाठवलं. वय ७४, गुडघे गेलेले. रात्री दीडच्या विमानासाठी कोथरूडहून दुपारी तीनला निघालो. घाटात दोन तास गाडी जागची हलली नाही. वाटेत बाथरूमची पंचाईत नको म्हणून बाई सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. हे मला मुंबईत पोचल्यावर कळलं. विमान उडालं तेव्हा घर सोडून साडेदहा तास झाले होते. हे साडेदहा तास कुठल्या वेबसाइटवर दाखवतात?

पुरंदरचं नाव घेऊ नका. २०१६ पासून ऐकतोय. तिथल्या अंजीर-सीताफळवाल्या शेतकऱ्यांना शिव्या घालणारे पुणेकर बघितले की चीड येते. ज्याची जमीन जाणार तो विचारणारच, आणि त्याला दहा वर्षं धड उत्तर न देणारे मात्र हार घालून फिरतात.

पुरंदर होईल तेव्हा होईल. आज नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, धावपट्टी ३,७०० मीटरची. मग तिथे थेट जाणारी, वेळेवर सुटणारी रेल्वे पुण्यातून का नाही? लोहगावची धावपट्टी वाढवायचं घोंगडं किती वर्षं भिजत ठेवणार?

पुढच्या वेळी कुणी ‘आंतरराष्ट्रीय पुणे’ म्हणत दारात आला, तर चहा जरूर पाजा. आणि विचारा, साहेब, धावपट्टी किती मीटर? उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, पक्षाच्या नावासकट.