दम्याच्या पंपाला घाबरायचे कशाला?

थंडी पडू लागली की घरोघरी कोणाची तरी छाती घरघरते. रात्री दोन-तीनला धाप लागून उठून बसावे लागते. डॉक्टरांनी ‘दमा आहे, पंप घ्या’ म्हटले की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: ‘पंप एकदा लागला की सुटत नाही ना?’ या एका प्रश्नापायी कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे चुकीचे उपचार घेत राहतात.

‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’च्या २०१९च्या अंदाजानुसार जगातील दम्याचे सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंमध्ये भारताचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे. ही तफावत हवेच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

श्वासनलिका फुप्फुसात शिरल्यावर झाडासारखी फुटत जाते. तिच्या बारीक फांद्यांना आतून मऊ अस्तर आणि बाहेरून स्नायूंचे वेटोळे असते. दम्यात अस्तर सुजते, चिकट कफ साचतो आणि धूळ, धूर, थंड हवा किंवा साध्या सर्दीनेही स्नायू आवळतात. हवा आत जाते, बाहेर पडताना अडकते. शिट्टीसारखा आवाज येतो तो त्यामुळे.

बहुतेकांच्या खिशातला निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, फक्त स्नायू सैल करतो. चार-सहा तास बरे वाटते. सूज मात्र तशीच राहते. ती उतरवते श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड, आणि तेच रोज घ्यायला लोक तयार नसतात. दम्याविषयीच्या ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी तर २०१९ पासून १२ वर्षांवरील रुग्णांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही चिठ्ठी न विचारता हा पंप देणारी दुकाने आहेत. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही असे समजावे.

स्टेरॉइड म्हटले की घाबरणारी माणसे ‘गोळी द्या, पंप नको’ म्हणतात. हिशेब उलटा आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाचे दोन फवारे मिळून ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे वीसपट औषध शरीरात जाते, हात थरथरतात, छाती धडधडते. दम्यावरच्या ‘खात्रीशीर’ पुड्यांमध्ये तर स्टेरॉइड मिसळलेले आढळते, तेही किती ते न सांगता. सवयीचे म्हणाल, तर चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

दोष फक्त रुग्णांचा नाही. पंप लिहून देणारे डॉक्टर तो ओढायचा कसा हे दाखवायला दोन मिनिटे देत नाहीत. फवाऱ्याचा पंप दाबताना श्वास संथ आणि खोल घ्यायचा, पावडरच्या पंपात जोरात ओढायचा. नंतर दहा सेकंद श्वास रोखायचा. हे न कळल्याने औषध घशातच राहते आणि ‘पंपाने गुण नाही’ असा शिक्का बसतो. लहान मुलांना स्पेसर हवाच. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी होते. फुंकर किती जोरात बसते हे मोजणारे पीक फ्लो मीटर विजेशिवाय चालते; रक्तदाबाच्या यंत्राप्रमाणे ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर असायला हरकत काय?

लग्न मोडेल म्हणून मुलीचा पंप लपवणारी घरे आजही आहेत. सासरी गेलेली मुलगी मग फोडणीच्या धुरात खोकत राहते आणि औषध चोरून घेते, किंवा घेतच नाही. अशा वेळी एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा पंप घेऊनही धाप कमी होईना, तर वाफ, काढा आणि बाम यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. रुग्णाला आडवे न करता बसवून ठेवावे आणि गाडी येईपर्यंत निळ्या पंपाचे फवारे स्पेसरमधून एकेक करून देत राहावेत.